एवढा डाव होऊ दे

मलकापुरात आमच्या शेजारी एका फौजीची बायको राहायची. नवऱ्याने सुट्टीवर येताना मुलांसाठी हातात मावेल असा व्हिडिओ गेम आणला होता. वरून ठोकळे पडायचे, सारख्या चित्रांचे ठोकळे जुळले की नाहीसे व्हायचे. मुलं शाळेत गेली की तो गेम तिचा. मी दारात दिसले की पटकन पदराखाली घ्यायची आणि म्हणायची, "सेल संपल्यात का बघत हुते, वैनी." पदराखाली पीं पीं चालूच असायचं. "बसा की" आणि "च्या टाकू?" यांच्यामध्येसुद्धा एक ठोकळा पडून जायचा.

एका दुपारी मी वाळवण उचलायला बाहेर आले, तर उंब्रजहून आलेली तिची सासू उन्हात पायरीवर बसलेली. कडी वाजवून दमली होती. मी मोठ्याने हाक मारली तेव्हा कुठे दार उघडलं.

"असू दे गं," सासूच आधी म्हणाली, "दिसभर राबतीस. डोळा लागला असंल."

मला वाटलं, सून मान हलवेल आणि विषय मिटेल. पण तिने पदराखालचा गेम काढून सासूपुढे धरला.

"झोपले न्हवते, आत्या. ह्ये खेळत हुते. कडी ऐकली मी. वाटलं, एवढा डाव हुं दे."

सासूने गेमकडे बघितलंही नाही. "पानी दे आधी," म्हणाली.

तिने तांब्या आणून दिला. म्हातारीने तो तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत खाली घेतला नाही. सून मात्र तिथेच उभी होती, आणि तिला मान वर करवत नव्हती.