मातीत खोचलेल्या काड्या

काल गॅसचा लायटर बिघडला म्हणून काडी ओढली, आणि त्या गंधकाच्या वासासरशी मी नेरच्या आमच्या अंगणात जाऊन पोचले.

दादाला अणुवीज केंद्रात नोकरी लागली होती आणि आई अडून बसली होती. "तिथं काही झालं तं माह्या लेकाचं काय होईन?" एवढंच ती विचारत होती. दादानं तुळशीजवळच्या ओल्या मातीत आगपेटीच्या काड्या खोचल्या, काही खेटून, काही वीतवीत अंतरानं. खेटलेल्या एका भडक्यात पेटल्या. लांब लावलेल्यांतली एकच जळाली आणि विझली.

"पहिला तो बॉम्ब," तो म्हणाला. "आमच्या भट्टीतलं युरेनियम असं विरळ असते. बॉम्बसारखं फुटूच शकत नाही."

आईनं माझ्याकडे पाहिलं. घरात दादाखेरीज विज्ञान शिकणारी मीच होते.

"दादा खरं सांगून राह्यला, आई," मी म्हटलं. माझ्या शब्दावर तिनं त्याची बॅग भरली.

हे काल मी लेकीला कौतुकानं सांगितलं. ती भौतिकशास्त्र शिकते. "बॉम्ब नाहीच होत," ती म्हणाली. "पण वाफेनं, हायड्रोजननं छप्पर उडू शकते, किरणोत्सारानं गावं रिकामी होतात. मामाला हे तेव्हाही माहीत असेल."

मी दादाला फोन लावला. तो हसला. "मी खोटं काय बोललो?"

काहीच नाही. आईनं त्याच्या जिवाचं विचारलं होतं, त्यानं बॉम्बचं उत्तर दिलं. आता आठवतं, काड्या पेटवताना तो आईकडे पाहतच नव्हता. माझ्याकडे पाहत होता.