चुकलेल्या शब्दाला चिंधी

माझ्या सासूबाई प्रयागबाई, ज्यांना आम्ही आत्या म्हणतो, चौसष्टाव्या वर्षी शाळेत बसल्या. त्याला कारण मी आहे. हे कबूल करायला मला तीन महिने लागले.

माझी नणंद संजीवनी इंदापूरला असते. ती आईला मोबाईलवर लांबलचक लिहून पाठवते आणि ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. मी बी.ए. झालेली, वाचते चांगलं. फक्त थोडं निवडून. 'भाकरी वहिनीला थापू दे, तू बस' असलं काही आलं, की मी सरळ पुढच्या ओळीवर जायचे. एकदा वीतभर मजकूर मी 'बरी आहे म्हणते' एवढ्यात संपवला, तेव्हा आत्यांनी मोबाईल घेऊन ओळी बोटानं मोजल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी साक्षरता वर्गात नाव घातलं. लेकीचं लिहिलेलं आपल्या डोळ्यांनी वाचायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

घरी शिकवायला माझी मुलगी संस्कृती. नववीत आहे, आमच्या सणसरहून बारामतीला क्लासला जाते, कायम नव्वदच्या पुढे. तिची वही पाहुण्यांना दाखवावी अशी असते, कारण चुकलेलं पान ती फाडते. क्लासमध्ये शंका विचारत नाही. विचारली तर येत नाही हे सगळ्यांना कळेल. मला ही हुशारी वाटायची.

आत्यांनी पहिल्याच ओळीत तीन चुका केल्या. संस्कृतीनं पान फाडायला घेतलं, तर त्यांनी तिचा हात धरला. डाळिंबावर तेल्या रोग पडला, की त्या झाडाला आम्ही चिंधी बांधतो, फवारताना तेच आधी सापडावं म्हणून. आत्यांनी लाल पेनानं तिन्ही शब्दांभोवती गोल काढले.

"झाड उपटायचं न्हाय बाय. चिंधी बांधायची."

महिन्याभरात सगळी वही लाल झाली. पणदऱ्याहून पाहुणे आले, त्यांनाही त्यांनी ती दाखवली, मला काय काय येत न्हाय ते बघा म्हणून. मी चहाच्या निमित्तानं आत गेले.

परीक्षेच्या सकाळी मी त्यांचं पेन तीनदा तपासलं. आत्यांनी दोन भाकरी खाल्ल्या. परीक्षेत शेजारच्या बाकावर गावातल्याच छबूबाई होत्या. त्या लहानपणी चौथीपर्यंत शिकलेल्या, प्रमाणपत्रासाठी बसलेल्या. त्यांनी मायेनं आपला पेपर आत्यांकडे सरकवला. मी बाहेर उभी होते, खिडकीतून आत्यांना खूण केली, की बघून घ्या.

आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "छबू, झाक ते. मला किती येतंय ते बघायला आलीया मी. तुला किती येतंय ते न्हाय."

परीक्षा घेणारे गुरुजी वळले. छबूबाईंनी पेपरवर पदर ओढला. मी खिडकीखाली बसले.

निकालात छबूबाई पास. आत्यांच्या कागदावर वाचन पास, अंकज्ञान पास आणि लेखनापुढे 'सुधारणा आवश्यक'. छबूबाई पेढे घेऊन आल्या. मी घाईनं सांगितलं, की त्या दिवशी आत्यांची तब्येत बरी नव्हती.

"मला काय झालतं?" आत्यांनी विचारलं आणि दोन पेढे उचलले.

मग त्यांनी मोबाईल मागितला. संजीवनीचं नवीन काही आलं होतं. बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत त्या वाचायला लागल्या. आई. वहिनी. तुला. पुढं अडल्या. मी म्हणाले, द्या इकडं, मी वाचते.

"मम्मी, थांब," संस्कृती म्हणाली. "आजीला अडू दे."

चार मिनिटं गेली. छबूबाईंचा पेढा तोंडातच राहिला. शेवटी वाक्य पूर्ण झालं: 'आई, वहिनी तुला सगळं वाचून दाखवते का गं?'

आत्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "उत्तर मीच लिवणार," त्या म्हणाल्या. "संस्कृती, लेखनाचा पेपर परत कधी हाय?"

संस्कृतीनं तारीख सांगितली आणि त्याच दमात मला विचारलं, "सर गणिताच्या स्पर्धेचं म्हणत होते, मी नको म्हणाले होते. भरू फॉर्म? खूप अवघड असते."

"पण नंबर नाही आला तर?"

हे मी म्हणाले. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या, तेव्हा संस्कृतीला चुकलेलं पान फाडून वही नीटनेटकी ठेवायला कुणी शिकवलं, हे माझ्या ध्यानात आलं.

फॉर्म भरलाय. सरावाच्या पहिल्या पेपरात तिला शंभरपैकी सदतीस मिळाले. तो पेपर ती टेबलावर उघडाच ठेवते, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. मी तो दोनदा पालथा ठेवला, आणि दोनदा पुन्हा सुलटा केला.