नन्नाची चिठ्ठी

आरोग्य खात्यात त्याला सगळे नन्ना म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्याला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. सभागृहात आमदार जे प्रश्न विचारतात त्यांची लेखी उत्तरं तयार करायची, हे त्याचं काम. मंत्री उभे राहून वाचत ती उत्तरं नन्नाची असत. प्रश्न तुकड्यातुकड्यांनी यायचा. अमुक घडले, हे खरे आहे काय? असल्यास चौकशी केली काय? असल्यास दोषींवर कारवाई काय केली? नन्नाची सगळी विद्या पहिल्या तुकड्यात होती. तिथे एकदा 'हे खरे नाही' असं लिहिलं, की खालच्या सगळ्या तुकड्यांपुढे 'प्रश्न उद्भवत नाही' ठोकून द्यायचं आणि चहाला जायचं. बुंध्यावर घाव घातला की फांद्या तोडत बसावं लागत नाही, असं तो नव्या कारकुनांना शिकवी. असल्या माणसाला नन्नाचा पाढा पाठ असतो म्हणतात. याने तर तो रचला होता.

त्याचं हाडवैर होतं एका आमदारबाईशी. बाई त्याच्याच मतदारसंघातल्या, आवाज खणखणीत, आणि एकदा प्रश्नाला चिकटल्या की सुटायचं नाव नाही. खात्याने रुग्णवाहिकांची नवी यंत्रणा आणली तेव्हापासून त्यांनी नन्नाची झोप उडवली होती. पूर्वी प्रत्येक दवाखान्याच्या दाराशी एक गाडी उभी असायची. आता सगळ्या गाड्या एका नियंत्रण कक्षाच्या ताब्यात गेल्या. तिथे भिंतीएवढा पडदा, त्यावर प्रत्येक गाडीचा एक ठिपका, गाडी पोचली की हिरवा होणारा, आणि कोणती गाडी कुठे धाडायची ते संगणक ठरवणार.

"मंत्रिमहोदय," बाई अर्थसंकल्पावर बोलताना कडाडल्या होत्या, "तुमच्या पडद्यावर माझा मतदारसंघ हिरवागार दिसतो म्हणे! जरा प्रत्यक्ष या. चढावरच्या वस्तीत रात्री दिवा नाही. दवाखान्यात डॉक्टर नाही, असला तर औषध नाही. आहे त्या गाड्या तुम्ही उचलून नेल्यात आणि बदल्यात आम्हाला ठिपके दिलेत. आजारी माणसाला काय ठिपक्यावर झोपवून न्यायचं?"

सभागृह हसलं. मंत्रीही हसले. अधिकाऱ्यांच्या कठड्यात बसलेला नन्ना मात्र दातओठ खात होता. 'घसा आहे म्हणून ओरडते,' तो शेजारच्याच्या कानात पुटपुटला. 'हिला फाइल वाचायला लावा एकदा.'

नन्नाच्या घरी ताई होती. आई गेली तेव्हा नन्ना पाटीवरही लिहीत नव्हता. ताईने शाळेत नोकरी धरली, लग्नाचं बघायला येणाऱ्यांना दारातून परत पाठवलं आणि भावाला वाढवलं. त्याचं ते मोत्यासारखं अक्षर, ज्याचं सचिवांपासून सगळ्यांना कौतुक, ते तिनेच घोटून घेतलेलं. नन्नाचा संसार काही झाला नाही. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत भाऊबहीण राहत होते.

एका सकाळी नन्ना कचेरीत गेल्यावर ताई न्हाणीघरात घसरून पडली. सरपटत फोनपर्यंत गेली. भावाचा फोन बंद, कारण अधिवेशन चालू. मग तिने रुग्णवाहिकेला फोन केला, पत्ता दोनदा सांगितला. संगणकाने गाडी धाडली ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्याच नावाच्या दुसऱ्या गल्लीत. चालकाने तिथे पोचून 'पोहोचलो'चं बटण दाबलं, कुणी दिसेना तसा निघून गेला. पडद्यावर ठिपका हिरवा झाला. ताई गाडीची वाट बघताबघता ग्लानी येऊन फरशीवर पडून राहिली. संध्याकाळी इस्त्रीवाला कपडे द्यायला आला, त्याने दार ढकललं, खुर्चीत बसवून तिला खाली उतरवलं आणि टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. हाड बसवायला उशीर झाला होता. पाय वाकडा राहिला तो राहिलाच.

नन्ना दवाखान्यात रडला. ते रडणं खोटं नव्हतं. पण डोळे पुसून झाल्यावर तो म्हणाला, "होतं गं असं कधीकधी. यंत्र आहे शेवटी."

ताईने त्याच्याकडे बघितलं आणि कूस बदलली. काठी टेकत चालता यायला लागल्यावर एका दुपारी ती एकटीच जिना उतरली आणि आमदारबाईंच्या कार्यालयात गेली.

त्यानंतर तो प्रश्न नन्नाच्या टेबलावर आला. एका निवृत्त शिक्षिकेने मदत मागूनही रुग्णवाहिका तिच्यापर्यंत पोहोचली नाही व ती दिवसभर जखमी अवस्थेत पडून राहिली, हे खरे आहे काय? नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती. नन्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आपलेच दात नि आपलेच ओठ!" घरात शिरताशिरता तो ओरडला. "मी मेलो होतो काय? त्या बाईच्या दारात कशाला गेलीस? घरची गोष्ट चव्हाट्यावर?"

"तुला सांगितलं होतं. तू म्हणालास, यंत्र आहे." ताई भाजी निवडत होती. "तिने लिहून घेतलं."

"आणि ते फिरून माझ्याच बोकांडी बसलंय! उत्तर मला द्यायचंय."

ताईचा हात थांबला. तिचा चेहरा उजळला, आणि नन्नाला तेच सगळ्यात सोसलं नाही. "मग बरंच झालं की," ती म्हणाली. "तुला माहितीये काय झालं ते. खरं ते लिही."

'हे अंशतः खरे आहे' एवढं लिहिलं असतं तरी पुरे होतं. बुंधा शाबूत राहिला असता, फांद्यांना उत्तरं द्यावी लागली असती, चौकशी झाली असती. पण वरच्या जागेसाठी नन्नाचं नाव सचिवांकडे गेलेलं होतं, आणि ही यंत्रणा सचिवांची लाडकी. त्याने नियंत्रण कक्षाची नोंद मागवली. नोंदीत गाडी पोहोचली होती. त्याने लिहिलं, 'हे खरे नाही.' खाली नेहमीचं ठोकलं. अक्षर सुरेख आलं होतं. मी मनाचं काही लिहिलं नाही, पडद्यावर होतं तेच लिहिलं, असं तो स्वतःला सांगत राहिला. लबाड माणसाला स्वतःइतकं भोळं गिऱ्हाईक दुसरं मिळत नाही.

उत्तराच्या दिवशी मंत्र्यांनी ते वाचलं आणि खाली बसायला गेले. आमदारबाई उठल्या.

"गाडी पोहोचली ना? मग कुणाला घेऊन आली ते सांगा! रिकामी का परतली ते सांगा! जिच्याबद्दल मी विचारतेय ती बाई आत्ता इथे, वर प्रेक्षकांच्या सज्जात..."

मंत्री गडबडले. मदतीसाठी त्यांनी अधिकाऱ्यांच्या कठड्याकडे मान वळवली. नन्नाने वर पाहिलं. पहिल्याच रांगेत, दोन्ही हात काठीच्या मुठीवर ठेवून, ताई बसली होती. ती सभागृहाकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती. रागाने नाही. वर्गात पोराला उत्तर येतंय हे माहीत असलेली बाई बघते, तशी.

सभागृहाचा एक जुना दंडक आहे. वर सज्जात कोण बसलंय याचा खाली उल्लेख करायचा नाही. खालच्यांच्या लेखी वर कुणी नसतंच. मंत्र्यांना हा दंडक त्या घटकेला आठवत नव्हता. नन्नाला आठवला. तो गप्प बसला असता तरी कुणी त्याला जाब विचारला नसता. पण त्याने कागद ओढला, मान खाली घातली आणि लिहिलं, 'सज्जाचा उल्लेख नियमबाह्य. हरकत घ्यावी.' शिपायाने चिठ्ठी पोचवली.

मंत्र्यांनी हरकत घेतली. अध्यक्षांनी ती मान्य केली, उल्लेख कामकाजातून काढून टाकायला सांगितला.

"उल्लेख काढाल," आमदारबाई ओरडल्या, "त्या बाईला कुठे काढाल?"

तेही काढून टाकण्यात आलं. पुढचा प्रश्न रस्त्यांचा होता. सचिवांनी मागून नन्नाच्या खांद्यावर थाप मारली. त्याने पुन्हा वर पाहिलं तेव्हा पहिल्या रांगेतली ती जागा रिकामी होती.

ताई त्याला फाटकापाशी सापडली. त्याने रिक्षा केली. घराच्या जिन्यापाशी आल्यावर त्याच्याने राहवेना.

"नियमच आहे तसा, ताई. मी नसतं सांगितलं तर दुसऱ्या कुणी सांगितलं असतं."

"वरून सगळं दिसतं रे," ताई म्हणाली. "लिहिताना अजून जीभ बाहेर काढतोस. पाटीवर काढायचास तशी."

नन्ना हसायला गेला. त्याला वाटलं, सुटलो. रोजच्या सवयीने त्याने तिचं कोपर धरलं, पहिली पायरी चढवण्यासाठी. ताईने काठी भिंतीला टेकवली आणि त्याची बोटं आपल्या हातावरून एकेक करून काढली.

"सोड," ती म्हणाली. "मी पडलेच कुठे होते?"

मग काठी उचलून, कठड्याला धरून, ती वाकडा पाय ओढत वर चढायला लागली.