कॅमेऱ्यापुढं दहीसाखर

बायांनो, घाईत लिवतेय, चुका पोटात घाला.

माझी नात प्रीती पुण्याला युनिव्हर्सिटीत जर्मन शिकती. आज तिची तोंडी परीक्षा हुती, ती बी आपल्या शेवगावच्या घरातून, लॅपटॉपवर. खोलीत दुसरं मानूस दिसलं की परीक्षा आपोआप थांबती, हे मला कुनी सांगितलंच न्हाई. आता परीक्षेच्या आधी लेकराच्या हातावर दहीसाखर ठेवायची न्हाई व्हय? म्हशीचं घट्ट दही, मुद्दाम काल विरजलेलं. वाटी घेऊन मी सरळ आत गेले.

लॅपटॉप टुंग वाजला अन् पडदा लाल झाला. प्रीती पांढरीफटक पडली. "आजे, काय केलंस गं!"

एका चमच्यापायी पोरीचं वरीस घालवलं मी!

मग पडद्यावर तिच्या मॅडम आल्या. मी वाटीसकट हात जोडले. "बाई, चूक माझी हाय, पोरीला नापास करू नका."

त्या प्रीतीला जर्मनमध्ये कायतरी म्हनल्या. ती आधी अडखळली, मग वाटी दाखवून भराभर बोलाय लागली. मला 'दही' अन् 'आजी' एवढंच कळलं.

नंतर प्रीती मला म्हनली, "वाटीत काय हाय अन् कशाला, ते मॅडमनी जर्मनमध्ये सांगायला लावलं. तीच माझी परीक्षा झाली."

पोर काय झरझर बोलली, बायांनो! पन निकाल अजून यायचाय.

तुमी अशा परीक्षेला दहीसाखर कधी देता? लवकर सांगा गं, परवा तिची दुसरी परीक्षा हाय.