सईची टाच आणि बेंदराची माती

आज बेंदूर, आमच्याकडचा बैलपोळा. हाताची माती अजून वाळायची आहे, तरी लिहायला बसले. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना.

माझी सई चार वर्षांची. चालायला लागली तेव्हापासून चवड्यांवरच चालते. आम्ही येडे, "हरणी चालली बघा" म्हणून कौतुक करत बसलो. पोटऱ्या आखडल्यात, हे इस्लामपूरच्या फिजिओथेरपीच्या ताईंनी सांगितलं तेव्हा कळलं. चार महिने व्यायाम चाललाय. पाय ताणायला घेतला की आधी सई रडते, मग मी.

आज बैल करायला माती भिजवली आणि औंधजवळचं माहेर आठवलं. माझे वडील, आप्पा, आम्हा बहिणींना मातीत उभं करायचे आणि ओरडायचे, "टाचंनं तुडीव की गं! बोटांनी काय गुदगुल्या करतीस व्हय मातीला?"

आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. आज तेच वाक्य माझ्या तोंडून निघालं.

सई खदखदून हसली. माझे हात धरून मातीत उतरली आणि टाच दाबून दाबून तुडवायला लागली. "आई, बघ, आता गुदगुल्या न्हाईत!"

बाहेर आली आणि पुन्हा चवड्यांवर पळाली. उद्याचा व्यायाम काही चुकत नाही.

पाटावर जोडीतला एकच बैल झालाय. उरलेल्या मातीत तिचं पाऊल उमटलंय, टाचेसकट. ते मोडायला हात धजत नाही.

आप्पा असते तर त्यांनाच विचारलं असतं. आता तुम्ही सांगा, बेंदराला एकाच बैलाची पूजा चालते का?