लासानामामाचा हुंकार

"म्हणजे मी खोटं बोलले?"

"आई, तसं कुणीच म्हटलेलं नाही."

"मग परत कशाला सांगू? माझा मुलगा काय दोनदा मेला?"

"तुझं काही चुकलं नाही गं. माझं चुकलं. मी मध्ये मध्ये बोललो."

"काय बोललास? 'नामु' म्हणालास. माणूस बोलत असला की समोरचा 'नामु' म्हणतोच. नुसती बघत राहतात ती गुरं!"

लासानामामाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याची भाची, रेकॉर्डर सांभाळणारी. मी वायरशी खेळत बसले. मावाताआई दोंझो, नात्याची नसली तरी सगळ्यांची आई; तिच्या तोंडी कोण लागणार?

युद्धात मावाताआईचं गाव जाळायला लावणारा कमांडर युरोपातल्या एका शहरात नाव बदलून राहत होता, बस चालवत होता. तिकडे त्याच्यावर खटला उभा राहिला. पण जळालेलं गाव इकडे, आमच्या लोफा जिल्ह्यात, मेलेले इकडे, पाहणारेही इकडेच. म्हणून मामा. आधी तो व्होइंजामाच्या शाळेत इतिहास शिकवायचा. आता तिकडच्या खटल्यासाठी मोटरसायकलवरून, चिखलातून, गावोगाव साक्षी गोळा करत फिरतो. हावामामी म्हणते, "बायकांचे नवरे रानातून हरणाचं मांस आणतात. माझा मेलेल्यांच्या गोष्टी आणतो. शिजवू कशा?"

साक्षी पुष्कळ मिळाल्या. पण कमांडरला स्वतः हुकूम देताना पाहिलेली आणि जिवंत उरलेली एकटी मावाताआई. मामाने तिची साक्ष घेतली, अगदी आपल्या रीतीने. तिचं एक वाक्य, त्याचा एक "नामु". आपल्याकडे बोलणाऱ्याला असा हुंकार मिळाला नाही तर त्याचं बोलणं वाटेतच थांबतं. आम्ही भात मागतानासुद्धा हुंकाराची वाट बघतो.

तिकडे बचावाच्या वकिलाने ती फीत कोर्टात वाजवली. दर वाक्यामागे पुरुषाचा आवाज येतो, म्हणाला. प्रश्न विचारणाराच बाईला पुढे ढकलतोय. कोर्टाने ती साक्ष बाजूला ठेवली. पुन्हा घ्या, आणि विचारणाऱ्याने तोंड मिटून बसावं.

त्या दिवशी मामा आपल्या बाजूच्या वकीलबाईंशी बोलताना फोनवर इतका ओरडला की कोंबड्या अंगणातून पळाल्या. "अहो वकीलबाई, त्याचा अर्थ 'खरं आहे' असा नाही! 'ऐकतोय, बोल', एवढाच!"

"मला कळतं, लासाना. कोर्टाला कळत नाही."

"मग कोर्टाला इकडे घेऊन या!"

"कोर्ट येत नाही. मी येते."

आणि एलीना वकीलबाई खरोखरच आल्या. घामाने निथळत, बुटांवर लाल चिखल, हातात मावाताआईसाठी कोला, चावायची ती कडू बी. कुणाला बोलतं करायचं तर आधी कोला द्यायचा, त्याने घेतला की बोलणं कबूल, हे त्यांना कुणी शिकवलं कोण जाणे. मावाताआईने तो घेतला, फोडला, अर्धा बाईंना दिला. बाईंनी चावला, तोंड वाकडं केलं नाही. मावाताआई खूश झाली. म्हणाली, "ही ऐकेल. चला, लाव तुझं यंत्र."

मी बटण दाबलं.

"सकाळी आम्ही विहिरीवर होतो," मावाताआई म्हणाली. आणि थांबली.

मामा गप्प. ओठ दातांखाली दाबलेले.

"विहिरीवर होतो," ती मोठ्याने म्हणाली. "लासाना, झोपलास का?"

वकीलबाईंनी मान हलवून मामाला सांगितलं, काही नाही, बोलू द्या.

"मला मध्ये बोलायची बंदी आहे, आई," मामा हळूच म्हणाला. "तू सांग. मी ऐकतोय."

"हेसुद्धा रेकॉर्ड झालं," बाई पुटपुटल्या. मी पुसलं. पुन्हा पहिल्यापासून.

विहीर. ट्रक. लाल टोपीवाला माणूस उतरला. दर वाक्यानंतर ती मामाच्या तोंडाकडे बघे, आणि वाक्यं आखूड होत गेली. आधीच्या फितीत सगळं होतं: टोपीखालचा कमांडरचा चेहरा, त्याने कुणाकडे बोट दाखवलं, काय म्हणाला. आता नुसते तुकडे पडत होते.

"माझा सिआफा पुढे गेला," ती म्हणाली.

पुढे काहीच नाही. बाहेर कुणीतरी उखळात कसावाची पानं कुटत होतं. मामाने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

"विचारा," वकीलबाई म्हणाल्या, "पुढे काय झालं?"

मामाने विचारलं. आवाज कोरडा, शाळेत फळ्याकडे बघून विचारावं तसा.

मावाताआई त्याच्याकडे बघत राहिली. "माझ्या मुलाचं नाव घेतलं मी," ती म्हणाली. "आणि तू दगडासारखा बसलास."

"कोर्टाने सांगितलंय, आई! मी काय करू? नामु म्हटलं तर तो माणूस सुटेल, नाही म्हटलं तर तू बोलत नाहीस! मी काय करू, सांग ना!"

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. रेकॉर्डर चालूच होता. मी बंद केला.

मामाने तोंडावरून हात फिरवला. "उद्या पुन्हा बसू," तो म्हणाला. "हवं तर तुझ्या घरी. एकदाच. आई, बोलशील ना?"

मावाताआई उठली. कमरेला गुंडाळलेला लाप्पा घट्ट बांधला, उरलेला कोला वकीलबाईंच्या वहीशेजारी ठेवला आणि दारातून बाहेर पडली.