राखलेलं खळं

नवघरच्या बागेत माळ्याने शेणखत पसरलं, की त्या वासाने मला आमचं खळं आठवतं. ते याच जागेवर होतं.

सत्तरच्या दशकात बाबांनी भातशेती विकली, पण सगळा गाव जिथे भात झोडायचा ते खळं काही बिल्डरला दिलं नाही. त्या दिवाळीनंतरही त्यांनी ते नेहमीसारखं शेणाने सारवलं आणि कडेला बसून राहिले.

"बाबा, झोडायला भात कुठाय?" मी विचारलं.

"भात न्हाय गो. पन मान्सा येतील."

दिवेलागणीपर्यंत कोणी आलं नाही. सगळ्यांचीच शेतं गेली होती. मला तेव्हा हसू आलं होतं.

पुढे त्या खळ्यावर पालिकेने ही बाग केली. आता बाबा म्हणाले होते तशी माणसं येतात, बाकावर जागा मिळत नाही इतकी. मला नावाने हाक मारणारं त्यांत कोणी नसतं.